जुन्या पिक्चरमधली मुंबई: जागा आणि साल कशावरून ओळखता?

धागा काढतोय तो एवढ्याचसाठी. कृष्णधवल किंवा ईस्टमनकलर पिक्चरमध्ये मुंबईच्या रस्त्यावर घेतलेलं दृश्य आलं की ते नेमकं कुठलं आणि कधीचं, हे तुम्ही कसं ठरवता? आठवणी नकोत, रीत सांगा. हिरो-हिरॉईन सोडून त्यांच्या खांद्यामागचं बघायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढचं लिहा.

सुरुवात मीच करतो. रिलीजचं साल म्हणजे शूटिंगचं साल नव्हे. पैसे आटले, तारखा मिळाल्या नाहीत, की पिक्चर रखडायचा. सुरुवातीला झळकणारं सेन्सॉर सर्टिफिकेट फक्त 'यानंतरचं नाही' एवढं सांगतं. 'याआधीचं नाही' हे फ्रेममधूनच काढावं लागतं.

* * *

ट्रामवरून साल काढताना एक चूक हमखास होते. रस्त्यात रूळ दिसले की लोक '१९६४ च्या आधीचं' म्हणून मोकळे होतात. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर-दादर धावली हे खरं, पण म्हणून त्याच रात्री सगळे रूळ उखडले असं होत नाही. उलट काही मार्गांवरच्या ट्राम त्याआधीच बंद पडल्या होत्या, त्यामुळे 'ट्राम नाही म्हणजे नंतरचं' हेही चालत नाही. धावती ट्राम दिसली तरच तारीख पक्की.

ट्राम चौकटीबाहेर असेल तर नजर वर न्या. ट्रामला डोक्यावर एकच तार पुरते, कारण वीज परत जायला खालचा रूळ असतो. ट्रॉलीबस रबरी टायरवर धावते, तिला रूळ नाही, म्हणून तारा जोडीने आणि टपावर दांडेही दोन. दोन दांड्यांची बस दिसली की १९६२ ते १९७१ आणि गवालिया टँक ते माझगाव हा पट्टा, एवढं एका झटक्यात मिळतं.

* * *

पुतळे सगळ्यात भरवशाचे. फोर्टात काळा घोडा भागातल्या पुतळ्याच्या घोड्यावर माणूस (राजा सातवा एडवर्ड) बसलेला असेल तर चित्रण १९६५ पर्यंतचं. त्यानंतर तो पुतळा भायखळ्याला राणीच्या बागेत गेला. आज काळा घोडा भागात जो बिनस्वाराचा घोडा आहे तो २०१७ चा. गेटवेसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा, पण कॅमेऱ्याचं तोंड बागेकडे असेल तरच त्याचा उपयोग. समुद्राकडे तोंड करून घेतलेल्या फ्रेममध्ये तो १९८० सालीही दिसणार नाही! 'दिसत नाही' आणि 'नव्हता' यांतला फरक सोडला तर अर्धे अंदाज कोसळतात.

चौपाटीवरून दक्षिणेला पाहणाऱ्या फ्रेममध्ये नरिमन पॉइंटचं टोक बघा. एक्सप्रेस टॉवर्स १९७२ ची, एअर इंडियाची इमारत १९७४ ची. टोक मोकळं असेल तर त्याआधीचं. केम्प्स कॉर्नरला उड्डाणपूल असेल तर १९६५ किंवा पुढचं.

* * *

गाड्यांवरून फक्त खालची मर्यादा मिळते. डुक्कर फियाट (गोलसर बांध्याची जुनी फियाट ११००) १९५४ पासूनची, चौकोनी फियाट ११००-डी १९६४ पासूनची, आणि त्याच गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळालं. गाड्या पंचवीस-तीस वर्षं वापरल्या जायच्या, त्यामुळे डुक्कर फियाट दिसली म्हणून पन्नासचं दशक धरू नका. फ्रेममधली सगळ्यात नवी गाडी शोधा.

* * *

वरच्या सगळ्यांना एक सावधगिरीची सूचना. आधी चित्र शाबूत आहे का ते बघा. जुन्या पिक्चरची चौकट १.३७ : १, तर आजचा पडदा १६ : ९. नेटवरची बरीच व्हिडिओवाली मंडळी पडदा भरायला वरून-खालून कापतात, म्हणजे उंचीतला जवळजवळ चौथा भाग गेला. नेमकी मनोऱ्यांची टोकं आणि वरच्या तारा त्यातच जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेली प्रत मिळाली तर ती घ्या.

दुसरं, चालत्या गाडीतले संवाद. मागच्या काचेतला रस्ता बहुतेक वेळा स्टुडिओत पडद्यावर टाकलेला असतो. तो हिरोपेक्षा मऊ आणि दाणेदार दिसतो, आणि स्टिअरिंग वळलं तरी मागचा रस्ता सरळच जातो. ते चित्रण कुणी, कधी, कुठल्या रस्त्यावर घेतलं याचा पिक्चरशी संबंध असेलच असं नाही.

तिसरं, उलटी फ्रेम, म्हणजे आरशातल्यासारखी डावी-उजवी बदललेली. पाट्या वाचता येत नसतील तर स्टिअरिंग उजवीकडे आहे ना ते बघा.

रंगावर तर विश्वासच नको. ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर थर आधी उडतो आणि सगळं गुलाबी होतं. इमारत गुलाबी होती असं छातीठोक सांगणारे बघून हसू येतं.

* * *

सावल्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२:३९ ला, बाराला नाही. (बॉम्बे टाइम भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे होता, तो यामुळेच.) ओव्हल राजाबाई टॉवरच्या पश्चिमेला आहे, म्हणून टॉवरची सावली मैदानात पडली असेल तर ती सकाळ. डिसेंबरअखेर मध्यान्हीला सावली उंचीच्या ०.९ पट असते. ८५ मीटरच्या टॉवरची साधारण ७८ मीटर, उत्तरेकडे. मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या तोंडावर ऊन आलं की दुपार कलली.

* * *

त्याच जागेवरून आजचा फोटो काढायचा असेल तर क्रम चुकवू नका. आधी उभं राहायची जागा, मग झूम. झूमने फक्त चौकट लहानमोठी होते. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं आपसातलं नातं पाय हलवल्यावरच बदलतं.

फ्रेममध्ये जवळच्या इमारतीची एक उभी कड आणि लांबच्या मनोऱ्याची कड निवडा. त्यांच्यातली फट पट्टीने मोजा, मनोऱ्याची रुंदीही मोजा. फट ६ मिमी आणि रुंदी १२ मिमी असेल तर जागेवर तेच १ : २ जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग तशीच दुसरी जोडी घेऊन पुढे-मागे. मरीन ड्राइव्हवर उंचीसाठी क्षितिज फुकटात मिळतं: समुद्राची रेषा हिरोच्या छातीवरून जात असेल तर कॅमेरा छातीच्या उंचीवर होता, सगळ्यांच्या डोक्यांवरून जात असेल तर टेम्पोवर किंवा गच्चीत.

झूम किती? ५० मिमी भिंगाने जुन्या चौकटीत आडवा कोन साधारण २५ अंश येतो. फोनचा मुख्य कॅमेरा ७० अंशांच्या आसपास घेतो, म्हणून तो लावला की इमारती मुंग्यांएवढ्या दिसतात आणि लोक पुढे चालत सुटतात. तिथेच जागा बिघडते. ३ पट टेलिफोटो लावा, जवळपास जुळतं. ३५ मिमीचा शॉट असेल तर २ पट.

कॅमेरा फिरणारा शॉट असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे न्या आणि चार-पाच फ्रेम शेजारी-शेजारी जोडा. एका फ्रेममध्ये न मावणारा चौक उभा राहतो. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर दर पाचवी फ्रेम दुबार येते, ती वगळा.

* * *

थिएटरच्या बोर्डांवरून: इरॉस आणि मेट्रो १९३८, लिबर्टी १९४९. मागे लिबर्टी दिसली की १९४९ च्या आधीचं नाही, इतकं सरळ. बोर्डावरचा पिक्चर मात्र जपून. पंचवीस आठवडे चाललेल्या पिक्चरचा बोर्ड सहा महिन्यांत कधीचाही असू शकतो. आणि कोपऱ्यात लहान बोर्ड असेल तर तो मॅटिनीचा असण्याची शक्यता जास्त, आणि मॅटिनीला दहा वर्षांपूर्वीचा पिक्चरही लागायचा. मोठा बोर्ड वाचा, लहान सोडा.