मन बेचैन असताना होणारा खर्च कसा आवरावा?

प्रश्न: कामाचा ताण वाढला की रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवरून खरेदी होते आणि महिनाअखेरीस क्रेडिट कार्डाचे बिल उघडण्याचीही धास्ती वाटते. खर्चाचे अंदाजपत्रक आखलेले आहे, परंतु नेमके त्या वेळी ते आठवत नाही. काय करावे?

उत्तर १: अंदाजपत्रक शांत डोक्याने आखलेले असते आणि खरेदी मात्र अस्वस्थ मनाने होते, त्यामुळे उपाय त्या क्षणीच आडवा येणारा हवा. ॲपमध्ये साठवलेली कार्डाची माहिती काढून टाका. उठून पाकीट शोधायचे आणि १६ आकडे हाताने भरायचे म्हटले की बरीचशी हौस तिथेच विरते. वस्तू कार्टमध्ये खुशाल ठेवा, पैसे मात्र दुसऱ्या दिवशी भरा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासानुसार, खरेदीची निवड करताना काहीतरी आपल्या हाती असल्याची जाणीव होते आणि त्यामुळे उदासी ओसरते. म्हणून या सवयीला निव्वळ उधळेपणा समजून स्वतःला बोल लावू नये.

उत्तर २: बिल न उघडणे हे मला खरेदीपेक्षाही अधिक काळजीचे वाटते. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास उरलेल्या थकबाकीवर व्याज चढतच जाते. आठवड्यातून एकदा, तेही दिवसाउजेडी, शिल्लक आणि देणे एका कागदावर लिहून काढावे, कारण आकडा माहीत नसतो तोवर मन तो मोठाच धरून चालते.

उत्तर ३: कर्ज काढून खरेदी होत असेल किंवा ती घरच्यांपासून लपवावी लागत असेल, तर समुपदेशकाला अवश्य भेटावे.