देवनागरीसाठी नमुने कुठे बघायचे?

सुलेखनासाठी नमुने शोधताना पिंटरेस्टवर देवनागरीचं फारसं काही सापडत नाही, अशी तक्रार काही जण करतात, ती मला पटते. पण तिथली रोमन अक्षरं बघून देवनागरी काढायला बसलं की दुसरी अडचण येते. आपल्या बोरूचा (तासलेल्या लेखणीचा) काप रोमन टाकाच्या उलट बाजूला तिरका असतो, त्यामुळे अक्षरातलं जाड-बारीकही उलट पडतं. रोमनचं वळण जसंच्या तसं उचललं की ‘ठ’ची गोलाई लगेच परकी दिसते. म्हणून आधी जुन्या हस्तलिखित पोथ्या बघा, पुण्यात भांडारकर संस्थेकडे त्यांचा फार मोठा संग्रह आहे. एका ‘त’चं वळण कुठे भरतं आणि कुठे निमुळतं होतं, एवढंच नीट पाहिलं तरी खूप कळतं.

आणि नाटकांची शीर्षकं रेखाटणारे अक्षरकार कमल शेडगे यांचं नाव तर घ्यायलाच हवं. वर्तमानपत्रातल्या छोट्याशा कृष्णधवल जाहिरातीत, रंगाचा आधार नसताना, ते नुसत्या वेलांट्या, मात्रा आणि शिरोरेषेतून नाटकाचा स्वभाव उभा करायचे. मोठ्या ग्रंथालयांत जुन्या अंकांच्या फायली असतात. त्यातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान काढा आणि शीर्षकं ट्रेसिंग पेपरवर गिरवा. शिरोरेषा कुठे तोडलीय, हे मी सगळ्यात आधी बघतो.