आईला मेक्सिकन जेवायला नेतोय, काय मागवू?

रविवारी ठाण्याला गडकरी नाट्यगृहात नाटक आहे. जवळच पहिल्या मजल्यावर एक मेक्सिकन हॉटेल आहे, काचेतून खालचा अख्खा चौक दिसतो. आई ७१ ची, चीज नको, भाकरी हवी. मागे मी गेलो तेव्हा टाको म्हणून मैद्याची गार पोळी आली होती. काय मागवू?

चरईची काकू: तोर्तिया, म्हणजे टाकोची पोळी, मक्याचा की मैद्याचा, आधी विचारा. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटतात. वास ओळखीचा वाटेल. राजमा मूळचा तिकडचाच, आपली मिरचीसुद्धा. पोर्तुगीजांनी आणली.

खादाड_कोपरी: नाचोज टाळा. १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास शहरात निघाले तेव्हापासून त्यावर चीजच आहे.

(मूळ प्रश्नकर्ता): जाऊन आलो! मक्याचे मिळाले, वीस मिनिटं थांबावं लागलं. ग्वाकामोले आईने हिरवी चटणी समजून बोटाने पुसून खाल्लं. अवाकाडो आहे म्हटल्यावर, "कोथिंबीर बरी घातलीये." राजम्याला मात्र फोडणी नाही म्हणून नाक मुरडलं. बाकी वेळ काचेला नाक लावून खालचे रिक्षावाले मीटरला नाही म्हणताना मोजत होती. अकरा.