यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, पण प्रश्न न विचारता?

मूळ लेख

देवाच्या आज्ञापालनाचा विषय निघाला की बहुतेकांना अब्राहाम आठवतो. मला मात्र इस्राएलचा पहिला राजा शौल याच्यापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण अर्धवट आज्ञापालन कसे असते हे पवित्र शास्त्रात त्याच्या कथेइतके उघड कोठेच दिसत नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात, काहीच राखू नये अशी परमेश्वराची आज्ञा असताना, शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचा पराभव केल्यावर शौल त्यांचा राजा अगाग याला जिवंत ठेवतो, उत्तम मेंढरे व गुरे राखून ठेवतो, स्वतःचे स्मारक उभारतो आणि ती आज्ञा कळवणारा संदेष्टा शमुवेल भेटायला येताच, त्याने काही विचारण्याआधीच, आपण परमेश्वराची आज्ञा पाळल्याचे सांगतो. मग मेंढरांचा हा आवाज कसला, असे शमुवेल विचारतो, तेव्हा ती परमेश्वराला अर्पण करण्यासाठी लोकांनी राखली आहेत, असे उत्तर मिळते. यावरच शमुवेलाचे ते प्रसिद्ध वचन येते, की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे.

शौलाने देव नाकारला नव्हता. त्याने आज्ञेतला सोयीचा भाग घेतला, गैरसोयीचा सोडला आणि सोडलेल्या भागावर भक्तीचे पांघरूण घातले. आपल्यापैकी पुष्कळांचे असेच होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते: उपासना चुकत नाही, दान चुकत नाही, पण ज्या एका माणसाला क्षमा करायची असते ती क्षमा वर्षानुवर्षे राहून जाते. याच्या उलट गेथशेमाने बागेत येशू, समोरचा दुःखाचा व मरणाचा प्याला टळावा अशी मनापासून प्रार्थना करूनही, शेवटी पित्याची इच्छा स्वीकारतो. माझे म्हणणे एवढेच, की विश्वास आणि आज्ञापालन वेगळे करता येत नाहीत, आणि स्वतःची अट घातलेले आज्ञापालन हे शौलाचेच आज्ञापालन होय.

प्रतिसाद १

लेखातील कळकळ पोहोचली, परंतु मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे. ज्या अध्यायाचा आपण आधार घेता, त्याच्या तिसऱ्याच वचनात ती आज्ञा काय होती हे दिले आहे: पुरुष, स्त्रिया, मुले आणि तान्ही बाळेसुद्धा मारून टाकावीत. हे वचन वगळून शौलाच्या अवज्ञेवर बोलणे मला पटत नाही. अशी आज्ञा ऐकून ज्याच्या मनात प्रश्नच उठत नाही, त्याच्या विश्वासाचे मी कौतुक करू शकत नाही.

शिवाय शास्त्रातले देवाचे जवळचे सेवक प्रश्न विचारणारेच आहेत. सदोम या पापी नगराच्या नाशाची वार्ता कळल्यावर अब्राहाम परमेश्वरासमोर उभा राहून ५० नीतिमानांपासून १० पर्यंत विनवणी करत खाली येतो आणि सर्व जगाच्या न्यायाधीशाने न्यायच करायला हवा, असे त्याला बोलून दाखवतो. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू पुजले, त्या प्रसंगी संतापलेला परमेश्वर मोशेला बाजूला व्हायला सांगतो, तेव्हा मोशे बाजूला होत नाही, लोकांसाठी रदबदली करतो आणि योजलेले अरिष्ट टळते. मोशेने ते पहिले वाक्य निमूटपणे ऐकले असते तर त्याला अधिक विश्वासू म्हणायचे का?

प्रतिसाद २

लेखकाशी मी सहमत आहे. सदोमासाठी इतका वाद घालणारा अब्राहाम, देव त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी मागतो तेव्हा विरोधाचा एक शब्दही बोलत नाही, हेही त्याच उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. चाकरांना मात्र तो सांगतो, की आम्ही उपासना करून तुमच्याकडे परत येऊ. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने याचा अर्थ असा लावला, की देव मेलेल्यांतूनही उठवू शकतो असे त्याने मानले होते. त्या मौनामागे भीती नसून भरवसा होता.

मूळ लेखकाचे उत्तर

तिसरे वचन मी टाळायला नको होते, असे आपण म्हणता, तर ते समोर ठेवूनच बोलू. शौलाने त्या वचनातील कोणता भाग मोडला? आठव्या वचनात लिहिले आहे की त्याने सर्व लोकांचा तलवारीने संहार केला, म्हणजे बाळांवर त्याला दया आली नाही. त्याने वाचवले ते राजाला आणि पुष्ट जनावरांना. म्हणून सदसद्विवेकबुद्धीने आज्ञा नाकारणारा माणूस म्हणून शौलाला उभे करता येत नाही, आणि माझे उदाहरण तेवढ्यापुरते टिकते. लोकांना भिऊन त्यांचे ऐकले, असे तो २४व्या वचनात स्वतःच कबूल करतो.

त्या आज्ञेचे काय करायचे हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मलाही जड जातो. ख्रिस्ती माणसाला ती आज्ञा दिलेली नाही, यावर मी ठाम आहे. शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूला थारा दिला नाही, तेव्हा याकोब व योहान या त्याच्या शिष्यांना आकाशातून अग्नी पाडून ते गाव भस्म करावेसे वाटले, आणि येशूने त्यांनाच धमकावले.

प्रतिसाद ३

मला वेगळीच काळजी वाटते. देव बोलला की माणूस ऐकेल, हे ठीक. पण देवाच्या नावाने प्रत्यक्षात बहुधा माणूसच बोलत असतो. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात, दासांनी धन्याचे ऐकावे हे इफिसकरांस पत्रातील वचन गुलामांना प्रवचनांतून ऐकवले जात असे. ज्यांना ते ऐकवले जाई त्यांच्यासाठी देवाचे आज्ञापालन आणि मालकाचे आज्ञापालन मुद्दाम एकच करून टाकले होते.

शास्त्रातच याविरुद्धचा पुरावा आहे, आणि तो अशा चर्चांत फार क्वचित येतो. मिसरचा राजा फारो याने इब्री मुलगे मारायला सांगितले तेव्हा शिप्रा आणि पुवा या सुइणींनी देवाचे भय बाळगून ते मारले नाहीत, उलट राजाला वेगळेच कारण सांगितले. यरुशलेमेच्या न्यायसभेपुढे पेत्र व इतर प्रेषित म्हणाले, की मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. आज्ञापालनाचा उपदेश करणाऱ्याने ही दोन उदाहरणे पहिल्यांदा सांगावीत, कारण ऐकणाऱ्याला उपदेशकापासूनही मोकळे ठेवण्याची ताकद त्यांच्यात आहे.

आणि इस्राएलचा सेनापती इफ्ताह, त्याचे काय? नवस बोलला म्हणून त्याने पोटच्या मुलीचा बळी दिला, तरी इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात विश्वासवीरांत त्याचे नाव आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

इफ्ताहाकडे देवाने काहीच मागितले नव्हते. नवस त्याचा स्वतःचा होता, आणि मुलामुलींचा होम करणे परमेश्वराला तिरस्करणीय आहे, असे नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात स्पष्ट सांगितले होते. त्याने नवस मोडला असता तर तेच आज्ञापालन ठरले असते. स्वतः उच्चारलेल्या शब्दाला देवाचा शब्द समजणे ही त्याची शोकांतिका आहे. सुइणींविषयी आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्यांनी देवाचे ऐकले म्हणूनच त्यांना फारोचे ऐकता आले नाही.

प्रतिसाद १

म्हणजे शोमरोन्यांच्या गावाचे उदाहरण देऊन आपण अमालेक्यांची आज्ञा ख्रिस्ताच्या वागण्याने मोजली, आणि इफ्ताहाचा नवस नियमशास्त्राने मोजला. मीही हेच म्हणत होतो: ऐकण्याआधी पारखावे लागते.

मूळ लेखकाचे उत्तर

पारखावे लागते, हे मान्य. परंतु पारखण्याचे माप माझे नाही, तेही मला दिलेलेच आहे. अब्राहामाने सदोमासाठी विनवणी केली ती देव न्यायी आहे या आधारावर, आणि मोशेने रदबदली केली ती देवाने अब्राहाम, इसहाक व याकोब यांना दिलेल्या वचनाच्या आधारावर. दोघांनीही देवाची बाजू सोडून स्वतःची सोय पाहिली नाही. मोशेला तर त्याच प्रसंगी, त्याच्यापासूनच मोठे राष्ट्र करण्याचे वचन मिळत होते आणि ते त्याने घेतले नाही. शौलाला वाद घालायचाच नव्हता. शौलाला राजा केल्याचा परमेश्वराला पश्चात्ताप झाल्याचे ऐकून शमुवेल त्याच अध्यायात संतापून रात्रभर परमेश्वराचा धावा करतो आणि सकाळी उठून सांगितलेले काम करायला जातो. तो धावा मी अवज्ञा मानत नाही.

प्रतिसाद १

असे असेल तर आपल्यातले अंतर बरेच कमी झाले आहे, तरी एका ठिकाणी मी अडतो. आपण प्रश्नाला परवानगी देता, पण अखेरीस माणसाने गप्प होऊन कामाला लागावे अशी अपेक्षा ठेवता. ईयोब या नीतिमान माणसावर संकटे कोसळतात, त्याच्या पुस्तकात तसे घडत नाही. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन अध्यायामागून अध्याय बोलतात आणि ईयोब देवालाच जाब विचारतो. परमेश्वर वादळातून त्याला कठोर उत्तर देतो हे खरे, परंतु ४२व्या अध्यायात त्याचा राग पेटतो तो अलीफज व त्याच्या दोन मित्रांवर, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो म्हणतो. ज्याने जाब विचारला त्यालाच तेथे सेवक म्हटले आहे, आणि मित्रांसाठी प्रार्थना करण्याचे कामही त्यालाच दिले आहे. म्हणून जाब विचारणे ही आज्ञापालनाच्या आधीची पायरी न मानता आज्ञापालनाचाच भाग मानावा, असे माझे मत कायम आहे.