सायकल मोहिमेचा पहिला दिवस : तुमचाही लिहा

सकाळी दूध आणायला गेलो तर चौकात सात-आठ सायकलवाले. कॅरिअरला बॅगा, मागचे लाल दिवे लुकलुकतायत, एकजण उकिडवा बसून चेन चढवतोय. "कुठवर?" "गोवा." मग काय, आमची मुंबई-गोवा किनाऱ्याची राईड डोक्यात सुरू झाली आणि दूध उतू गेलं.

पहिल्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या चढवता येणाऱ्या बोटीने, मांडवा. ही बोट २०२० पासूनची. त्याआधी बरेच जण पनवेल-वडखळची धूळ खात यायचे. बोटीवर सगळे एकदिलाने वडापाव खात होते. चोंढी येईपर्यंत गटाचे तीन तुकडे! पुढचे सुसाट, मागचे फोटोत, मधले आम्ही दोन्हीकडे फोन लावत. चौलपर्यंत वाड्यांची सावली आणि सपाट रस्ता, त्यामुळे सगळेच शेर. रेवदंड्याचा पूल ओलांडला की खरी गंमत. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, हा समज काशीदच्या चढावर उतरतो. खाडी आली की उतार, डोंगराचं नाक आलं की चढ, दिवसभर हेच. आगरदांड्याहून दिघीची फेरीबोट चुकली असती तर मुक्कामच हुकला असता, म्हणून मुरूडला जंजिऱ्याकडे कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. दिवेआगरला पोचलो तेव्हा जेमतेम नव्वदेक किलोमीटर झाले होते, पण उकडीचे मोदक समोर आले तरी कुणी बोलेना.

लिहा तुम्हीही.

खंबाटकीकर
पुणे-कोल्हापूर. आमच्यातला एक जाणकार शिरवळपासून धीर देत होता, "घाट नाही रे, बोगदा आहे." बोगदा होताच, पण तेव्हा साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्यांसाठी! जाताना खंबाटकीचा घाटच चढायचा होता. त्याला वर पोचेपर्यंत कुणी पाणी दिलं नाही.
आणि हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरातल्या तारा. केसाएवढी बारीक. ट्यूब बदलली, पाच मिनिटांत परत फुस्स. टायर आतून चिंधी फिरवून बघा, तार असेल तिथे धागा अडकतो. बोट फिरवू नका, रक्त निघतं.

सुमीची आई
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमची नाशिक-पंढरपूर सायकल वारी, आषाढीआधीची. पहाटे सिन्नरचा घाट, भुरभुर पाऊस, समोरच्याच्या चाकाचा चिखल थेट तोंडावर. पण गावागावांत लोक केळी-चहा घेऊन उभे! नगर येईपर्यंत इतका चहा झाला की थांबे वेगळ्याच कारणाने वाढले. बायकांनी काय करायचं हो हायवेवर? याचं नियोजन कुठलाच पुरुष लीडर करत नाही. सासूबाईंच्या धपाट्यांनी तारलं.

घाटमाथा
+१ सुमीची आई. आता आमच्या गटात प्रत्येक थांब्याचा पेट्रोल पंप आधी ठरतो. बायकांनीच ठरवून घेतलं.

तिसरा गिअर
पॅडेड शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं. निम्म्या गटाला हे पहिल्या संध्याकाळीच कळतं. बाकी तपशील विचारू नयेत.

खंबाटकीकर
😂😂 विचारणार

हिमवाट
मनाली-लेह. पहिला मुक्काम मढी. कागदावर ३५ किलोमीटर, त्यामुळे तरणी पोरं पेटलेली. मनाली दोन हजार मीटर उंच, रोहतांग खिंड ३९७८, मढी त्याच्या थोडं अलीकडे. जी सुसाट गेली तीच संध्याकाळी विरळ हवेने डोकं धरून तंबूत आडवी. पन्नाशीचे एक काका सगळ्यात शेवटी, चालत, गुणगुणत आले आणि दोन ताटं वरण-भात जेवले. हे रोहतांगखालच्या अटल बोगद्याच्या आधीचं. तेव्हा लेहचे ट्रकही याच रस्त्याने, चढावर त्यांचा धूर नाकात.

दादर पूर्व
सायकल नाही चालवत, पण नवऱ्याला निरोप द्यायला पहाटे चारला उठले होते. सहाला निघायचं ठरलं, साडेसातला निघाले. दीड तास फक्त बॅग बांधत होते. एकाच्या बॅगेत इस्त्री होती.

घाटमाथा
इस्त्री????

दादर पूर्व
प्रवासी. छोटी. तरी इस्त्रीच ना!

नवशिक्या
डिसेंबरात पुणे-गोवा करायचंय. प्रेस्टा वॉल्व्हला (ट्यूबचा तो बारीक, लांब वॉल्व्ह) रस्त्यावरचा पंक्चरवाला हवा भरून देतो का?

खंबाटकीकर
त्याच्या नळीला बसत नाही. पितळेचा अॅडाप्टर मिळतो, नखाएवढा, दोन घे. एक हरवतोच.

तिसरा गिअर
सुमीची आई, धपाट्यांची कृती द्या की. टिकतात का दोन दिवस?

सुमीची आई
ज्वारी, थोडी कणीक, बेसन, लसूण-मिरची-जिरं, तीळ. पाणी अजिबात नाही, दह्यातच भिजवायचं. तेल सोडून खरपूस भाजा आणि गार झाल्यावरच बांधा. कांदा घातला तर त्याच दिवशी संपवा.

हिमवाट
आमच्याकडे मेथी घालतात.

सुमीची आई
मग तो पराठा झाला 🙂