ऑर्कनी आणि शेटलंड बेटं डेन्मार्कने परत का सोडवली नाहीत?

सागरवेडी: सध्या स्कॉटलंडच्या स्ट्यूअर्ट राजांबद्दल वाचते आहे. १४६९ साली तिसऱ्या जेम्सचं डेन्मार्कच्या मार्गारेटशी लग्न झालं आणि ऑर्कनी-शेटलंड हुंड्यात मिळाली, असं सगळीकडे एका ओळीत उरकलेलं दिसतं. लेकीच्या लग्नात कुणी राजा अख्खी बेटं कशी देऊन टाकेल? आणि दिली तर नंतर मागितली नाहीत का?

टिपणवही: दिली नव्हती, गहाण ठेवली होती. भांडण त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. १२६६ च्या पर्थच्या तहात नॉर्वेने (तिथली गादी पुढे डेन्मार्कच्या राजाकडे आली) हेब्रिडीज बेटं आणि आयल ऑफ मॅन सोडलं, त्या बदल्यात स्कॉटलंडने दरवर्षी १०० मार्क द्यायचं कबूल केलं. ते पैसे पुढे थकत गेले. लग्नाच्या करारात ती सगळी थकबाकी माफ झाली.

जुनाकागद: टिपणवही यांनी मुळावरच बोट ठेवलंय. पुढचा हिशोब मी सांगतो, कारण या व्यवहाराला नुसता हुंडा म्हणून सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

सप्टेंबर १४६८ मध्ये करार झाला. हुंडा ठरला ६०,००० ऱ्हेनिश फ्लोरिन, म्हणजे सोन्याची नाणी. त्यातले १०,००० रोख द्यायचे आणि उरलेल्या ५०,००० साठी ऑर्कनी तारण. पण मार्गारेटचा बाप, डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन स्वीडनच्या गादीसाठी लढून लढून कफल्लक झाला होता. रोख म्हणून जेमतेम २,००० निघाले. मग मे १४६९ मध्ये उरलेल्या ८,००० साठी शेटलंडही गहाण टाकलं. बेटं नॉर्वेच्या गादीची, पण नॉर्वेच्या राज्यपरिषदेला विचारलंसुद्धा नाही!

आता खरी मेख. राजाने गहाण ठेवले ते राजाचे हक्क. ऑर्कनीचा अर्ल (तिथला वंशपरंपरागत सरदार) होता विल्यम सिंक्लेअर, रॉसलिनचं चॅपल उभारणारा. तो ऑर्कनीपुरता नॉर्वेच्या राजाचा मांडलिक, आणि इकडे स्कॉटलंडचा चॅन्सेलर, म्हणजे राजाचा मोठा मंत्री, राहिलेला. त्याचे हक्क हुंड्यात येणं शक्यच नव्हतं. जेम्सने १४७० मध्ये त्याला फाइफमधला रेव्हन्सक्रेग किल्ला वगैरे देऊन अर्लपद स्वतःकडे घेतलं. १४७२ मध्ये पार्लमेंटने ते राजगादीला जोडलं आणि राजाच्या औरस मुलाखेरीज कुणालाही देता येणार नाही, असं ठरवून टाकलं. त्याच वर्षी ऑर्कनीचं बिशपपदही नॉर्वेच्या निदारोसच्या आर्चबिशपकडून काढून सेंट अँड्र्यूजच्या नव्या आर्चबिशपखाली गेलं. म्हणजे चार वर्षांत राजाचा हक्क, अर्लचा हक्क आणि चर्च, तिन्ही एका हातात. तिसऱ्या जेम्सला नालायक राजा म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट बघावं. तेव्हा तो विशीच्या आतबाहेर होता.

डेन्मार्कने मागणी अनेकदा केली. १६६७ मध्ये इंग्लंड-हॉलंड युद्ध संपवणाऱ्या ब्रेडाच्या वाटाघाटींतही विषय निघाला होता. पण तोवर स्कॉटलंड ऐकून घेईल अशी परिस्थितीच उरली नव्हती.

सागरवेडी: अर्लचं कुठेच वाचलं नव्हतं, धन्यवाद! मार्गारेटला स्वतःला काय मिळालं? आणि तिला आणायला कोण गेलं होतं?

जुनाकागद: राजाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा, लिनलिथगोचा राजवाडा आणि डूनचा किल्ला. लग्नाच्या वेळी ती तेरा वर्षांची होती, एडिंबरोच्या होलीरूडमध्ये लग्न लागलं.

वकिलातीत अर्ल ऑफ अ‍ॅरन होता, थॉमस बॉइड. याच बॉइडांनी १४६६ मध्ये लिनलिथगोजवळ शिकारीला निघालेल्या पोरवयाच्या राजाला पळवून कारभार बळकावला होता, आणि थॉमसने राजाच्या बहिणीशी, मेरीशी लग्नही केलं होतं. तो डेन्मार्कमध्ये असताना इकडे राजाचं मन पुरतं फिरलं. नवरीची जहाजं लीथ बंदरात लागली तेव्हा मेरीने नवऱ्याला गाठून सावध केलं, आणि ती दोघं तशीच डेन्मार्ककडे पळाली. थॉमसचा बाप इंग्लंडला निसटला. काका अलेक्झांडर मागे सापडला, त्याचं डोकं उडवलं.

टिपणवही: मेरीचं पुढे सांगायला हवं. तिला परत यावं लागलं, लग्न रद्द ठरवलं गेलं आणि लॉर्ड हॅमिल्टनशी दुसरं लावून दिलं. सोळाव्या शतकात त्या हॅमिल्टनांचा वंश गादीच्या अगदी जवळ होता. तिसऱ्या जेम्सचा मुलगा चौथा जेम्स, त्याच्या लग्नाचा वेगळा धागा काढा कुणीतरी, १५०२ चा इंग्लंडशी झालेला तह त्यातच येईल.