बॉयलरपेक्षा जमिनीखालचा पाइप बघा
काका, अमेरिकेत थंडगार मिनेसोटातल्या मुलाच्या घराची फरशी गरम ठेवायला, घराबाहेर बसवायचा लाकडावरचा कोणता बॉयलर घ्यावा असं विचारलंत, पण मला काळजी वाटते ती बॉयलरपासून घरापर्यंत पुरलेल्या पाइपची. त्याचं इन्सुलेशन भिजलं की उष्णता मातीतच जाते. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत गच्चीवरच्या सोलर पाइपचा फोम पावसात भिजला की नळाला कोमट पाणी येतं. मिनेसोटात तर बर्फ वितळून पाइपचा चर पाण्याने भरणार. क्लोज्ड सेल फोमचा (म्हणजे पाणी न शोषणाऱ्या फोमचा), वरून वॉटरप्रूफ आवरण असलेला तयार पाइपच घ्या, थोडा महाग पडला तरी. घराच्या तळाच्या काँक्रीट स्लॅबखाली आणि कडेनेही एक्सपीएस शीट, म्हणजे उष्णता अडवणारी कडक फोमची शीट, हवीच. फरशीखालच्या पाइपांत ४० अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं, म्हणून बॉयलरच्या गरम पाण्यात परतीचं गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लागेल. बॉयलरकडे परतणारं पाणी मात्र ६० अंशांखाली नको, आत ओल धरून पत्रा गंजतो.